मागच्या सीटवरची शाल

गुरुवारी मी बोलत नाही, हे त्या चातुर्मासात आमच्या रिठदमध्ये लहान लेकरालाही माहीत झालं होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत मौन. गुरुवारी दारात आलेली बाई आधी माझ्या तोंडाकडे बघे, मग म्हणे, "माय वो, आज गुरुवार हाये नाही का," आणि जे विचारायचं ते राखीला, म्हणजे माझ्या सुनेला, विचारून जाई. पण हे मौन मी कशापायी धरलं ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं. म्हणून तिथूनच सांगते.

आमच्या मालकांना खर्ऱ्याचा नाद. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून एकदाच लिहिते: उकंडराव. यापुढे मी 'हे' म्हणेन, तुम्ही समजून घ्या. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट घोट घोटला की खर्रा होतो. हे उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी त्या पन्नीला हात लावत. होता होता यांचं तोंडच उघडेनासं झालं. भाकरीचा घास बारीक करावा लागे, मग दुधात कुस्करावी लागे, ठेचा तर सुटलाच. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काका, तीन बोटं उभी तोंडात घाला." यांची दोनच गेली, तीही कशीबशी. डॉक्टर म्हणाले, "आज सोडला तर इथंच थांबते. नाही सोडला तर पुढचं तुमाले सांगत नाही, तुमच्या घरच्याइले सांगतो."

घरची म्हणजे मी. मला त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं. बसस्टँडपर्यंत मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बोलले. माझा आवाज बारीक आहे, पण तो थांबत नाही, असं यांचं म्हणणं. चार दिवस ऐकून घेतलं आणि मग हे कावले.

"तू बोलनं सोडून दाखव, मी खर्रा सोडून दाखवतो."

हे चिडून बोलले होते. मी ते शब्द तिथंच धरले आणि यांना देवघरासमोर उभं केलं. ठरलं ते असं: चातुर्मासातल्या सगळ्या गुरुवारी मी मौन पाळायचं. माझ्या तोंडून एकही शब्द गेला नाही, तर शेवटच्या गुरुवारी कारंज्याच्या गुरुमंदिरात दत्तमहाराजांपुढे यांनी खर्रा कायमचा सोडायचा. एक शब्द गेला की हे मोकळे. यांनी महाराजांची शपथ घेतली, आणि हे शपथ मोडणाऱ्यातले नाहीत. मला फक्त गप्प राहायचं होतं.

फक्त म्हणते खरी. दर गुरुवारी यांना जोर चढे. एकदा स्वयंपाकघरात येऊन शांतपणे म्हणाले, "म्हैस सुटली वो, मेथीच्या वाफ्यात गेली." मी धावत गोठ्यात गेले, तर म्हैस बांधलेली, रवंथ करत माझ्याकडे बघते आहे. एकदा शर्ट उलटा घालून ग्रामपंचायतीत गेले. मी दारात उभी राहून पाहिलं, काय सांगायचं ते गावानं सांगितलं. एकदा पाहुण्यांसमोर स्वतः चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं, मी थू थू करून ओरडेन म्हणून. मी कपभर चहा प्यायले आणि कप विसळून ठेवला. पाहुणे मात्र पुन्हा आले नाहीत.

अडीनडीला मी बांगड्यांनी बोलायचे. एकदा वाजवल्या की हो, दोनदा वाजवल्या की नाही. घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं. "बोलत होती तवा बरी होती," हे म्हणत, "आता त फकस्त नाहीच म्हनते."

असे करता करता शेवटचा गुरुवार आला.

कारंज्याला जायला शेजारच्या लखनची गाडी ठरवली होती. पुढे लखनजवळ हे बसले, मधल्या सीटवर मुलगा हरीओम आणि राखी, आणि अगदी मागे मी आणि नैवेद्याची टोपली. टोपली चांगली उंच होती. पुरणपोळ्या, नारळ, महाराजांचं वस्त्र, वरून केळीची पानं. गारठा होता म्हणून मी शाल पांघरली होती. सकाळची एक गोष्ट राहिली होती. गाईला घास दिल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि आमची गाय त्या दिवशी पहाटेच शेतात नेलेली. म्हणून भाकरी आणि गूळ फडक्यात बांधून सोबत घेतला. वाटेत कुठे ना कुठे गाय भेटतेच.

वाशीम सोडलं आणि राखीनं आपला फोन रबर लावून पुढच्या सीटच्या पाठीला बांधला. आदल्या रात्रीच तिनं एक सिनेमा फोनात उतरवून ठेवला होता.

"आई, तुमी जप करा, आमी आवाज बारीक ठेवतो," ती म्हणाली.

मी माळ काढली. जप करायचं मनापासून ठरवलं होतं. पण तो सिनेमा असा: नवं लग्न झालेलं जोडपं भाड्याच्या गाडीनं फिरायला निघतं. सोबत दीर आणि ड्रायव्हर. घाटात गाडी थांबते. नवरा पाण्याची बाटली आणायला जातो, दीर फोनवर बोलत दूर जातो, ड्रायव्हर चाकात हवा बघतो. परत येतात तर बाई गाडीत नाही. सीटवर नुसती तिची ओढणी.

ओढणी दिसली आणि माझी माळ जागच्या जागी थांबली.

यांना पुढे बसून फक्त आवाज ऐकू येत होता. "आता कोन वरडलं?" यांनी विचारलं.

"बाबा, तिची ओढणी सापडली," हरीओम म्हणाला.

"मंग काय ओढणी वरडली का?"

"नवऱ्यानंच केलं असीन," राखी म्हणाली. "अशा पिक्चरमध्ये नवराच राह्यते."

"काहून? नवऱ्याले दुसरे कामं नसतात का?"

"पोलीसबी पयले नवऱ्यालेच विचारतात, बाबा. का, तुमचं भांडन झालं होतं का म्हनून."

मला हसू आलं. हसण्याला मौनात बंदी नाही.

मंगरूळपीर मागे पडलं आणि एका टपरीपाशी लखननं गाडी घेतली. इंजिनात पाणी घालायचं होतं. हे खाली उतरून टपरीकडे गेले. कशाला गेले ते मला ठाऊक होतं. शेवटचाच दिवस म्हणून मी तिकडे पाहिलं नाही. हरीओम आणि राखी तर जागचे हललेच नाहीत, कारण पोलीस त्या दिराच्या खोलीत शिरले होते. मलाही उठवत नव्हतं. पण घसा कोरडा पडला होता, आणि टपरीमागे एक पांढरी गाय उभी दिसली.

नैवेद्यावर धूळ बसू नये म्हणून मी शाल टोपलीवर नीट पांघरली, फडकं घेतलं आणि मागच्या दारानं उतरले. मी जवळ जाताच गाय चालू लागली. गाईला दटावता येत नाही, आणि मला तर हाकही मारता येत नव्हती. ती पुढे, मी मागे, अशा आम्ही तुरीच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, बऱ्याच आत गेलो. शेवटी तिला माझी दया आली. तिनं भाकरी खाल्ली, गूळ खाल्ला, माझा हात चाटला. मी नमस्कार केला आणि मागे फिरले.

रस्त्यावर गाडी नव्हती.

गाडीत काय झालं ते मला नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. सगळ्यांचं जुळलं तेवढंच लिहिते.

लखननं गाडीत बसून विचारलं, "बसले का सगळे?" हरीओम फोनावरची नजर न काढता म्हणाला, "हाव." लखननं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर माझी शाल होती, तिच्या आत माझ्याएवढं काहीतरी होतं, आणि ते बोलत नव्हतं. गुरुवारी मीही बोलत नाही. त्यानं गाडी हाणली.

आरतीपर्यंतचीच मुदत उरली होती, म्हणून यांनी शेवटचा जोर लावला. मान न वळवता हे मागच्या सीटशी बोलू लागले. "हरीओमची माय, एक खरं सांगू का? तुह्या पुरनपोळीपेक्षा हॉटेलातली बरी लागते." मागून काही आलं नाही. "भजनात तुहा आवाज बेसूर लागते. सगळ्या बाया म्हनतात, तुले फकस्त सांगत नाहीत." काही नाही. "तुह्या भावानं आपल्या लग्नात जे धोतर देल्लं होतं, ते त्याचं जुनं होतं."

"बाबा, आईले कायले तरास देऊन राह्यले," राखी म्हणाली. "इकडं विहिरीत काहीतरी सापडून राह्यलं."

"आज लयच पक्की हाये बाप्पा," हे लखनला म्हणाले, आणि लखन सांगतो की त्यांच्या आवाजात कौतुक होतं. धोतराच्या गोष्टीवरही बांगडी वाजली नाही, म्हणजे बाईनं हद्दच केली.

मग हे अगदी हळू बोलले.

"हरीओमची माय, मी तुले बोलती कराले पाह्यतो ते खर्ऱ्याच्या चवीसाठी नाही. म्हंजे त्यासाठीबी होय. पन मले भेव वाटते. जोवर सोडला नाही, तोवर मनाले सांगता येते का सोडला त बरा होईन. आन् सोडूनबी तोंड नाही उघडलं, त मंग काय सांगू?"

राखीनं सिनेमा थांबवला. यांनी वाट पाहिली. इतकं बोलल्यावर मी निदान काहीतरी करीन असं यांना वाटलं असणार.

"बांगडी तरी वाजव वो," हे म्हणाले.

मग हे वळले, हरीओम आणि राखीच्या मधून मागे झेपावून शाल ओढली, आणि टोपलीतली केळीची पानं यांच्याकडे बघू लागली.

लखननं कचकन ब्रेक मारला. राखीच्या तोंडून एवढंच निघालं, "ओढणी."

यानंतर राखीनं जे केलं त्याबद्दल तिनं माझी पुष्कळदा माफी मागितली आहे, पण मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही. ती यांना म्हणाली, "बाबा, टपरीवर तुमीच उतरले होते ना?"

"मी खर्रा घ्याले उतरलो होतो."

"आईले बोलती कराचं होतं तुमाले."

हरीओमच्याही डोक्यात प्रकाश पडला. "रस्त्यात एकटी राह्यली म्हंजे कोनाले तरी विचारावं लागनच. बोलावं लागनच. बाबा, खरं सांगा, तुमी तिले तिकडं धाडली का?"

"मी तुमाले असा मानूस वाटतो का?" यांनी विचारलं.

यावर कोणीतरी पटकन नाही म्हणायला हवं होतं. पण उलटा शर्ट, मिठाचा चहा आणि सुटलेली म्हैस सगळ्यांनीच पाहिली होती. लखनही आरशातून बघत राहिला.

तेव्हा यांनी खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढली आणि लखनसमोर धरली.

"फेक."

"काका, आत्ताच त घेतला. घोटलेला हाये."

"फेक म्हनतो ना." मग यांनी कारंज्याच्या दिशेनं हात जोडले. "महाराज, ती बोलली तरी चालते. लागन तेवढं बोलू द्या तिले. मी सोडला. फकस्त ती भेटू द्या." आणि लखनला म्हणाले, "फिरव गाडी."

लखननं पन्नी फेकल्यासारखं करून सीटखाली सरकवली. हे त्याचं त्यानंच मला सांगितलं.

यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. मी टपरीवाल्यापुढे उभी होते. कारंज्याला जायचं आहे हे हातांनी कसं सांगायचं? मी हात जोडले, मग दत्तमहाराज म्हणून कपाळाजवळ तीन बोटं धरली. त्यानं मान डोलावली आणि तीन खर्रे घोटायला घेतले. मी दोन्ही हात हलवले, तेव्हा म्हणाला, "बरं, दोनच करतो." मग माझ्याकडे नीट पाहून बाजूच्या बाकावरच्या माणसाला म्हणाला, "मुकी हाये बिचारी."

बाकावरचा माणूस म्हणजे कारंज्याचे गादीवाले रज्जाकभाई. लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो नव्या गाद्यांनी भरून ते आणि त्यांच्या घरच्या जमीलाबी परत चालले होते. जमीलाबी चहा पिता पिता माझं सगळं बघत होत्या.

"मुकी नाही हो," त्या म्हणाल्या. "मुक्या मानसाचा हात कसा झरझर चालते. या बाईले इशारेच करता येत नाहीत. यांचं काही व्रत हाये. हो ना बहन?"

मी बांगड्या एकदा वाजवल्या.

"आन् हे तीन बोटं म्हंजे आपल्याकडच्या गुरुमंदिरात जाचं हाये. आमाले रोज्याच्या दिवशी बडबड केली की आमची अम्मा रागवे. चला, आमच्यासंग चला." मग त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "घरचे सोडून गेले का?"

रज्जाकभाईंनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे त त्या पिक्चरसारखंच झालं. परवाच पाह्यला मी. त्यातबी बाई अशीच गायब होते, सीटवर ओढणी राह्यते, आन् शेवटी काय समजते, का तिले नेणारा..."

"चूप बसा," जमीलाबी म्हणाल्या. "बाईनं पाह्यला नसला त? कायले मजा घालवता त्यांची?"

रज्जाकभाईंनी वाक्य तिथंच सोडलं. शेवट विचारू नये म्हणून मी पदराचं टोक दातांत धरून उभी होते.

पुढे तिघांना दाटी झाली असती, म्हणून मीच मागे बोट दाखवलं. गाद्यांच्या ढिगावर, मधोमध, मऊ खळग्यात बसून मी कारंज्याला निघाले. असं सिंहासन मला कोणी कधी बसायला दिलं नव्हतं. टेम्पो चालू झाला आणि कमरेच्या बटव्यातला माझा लहानसा फोन वाजला.

"आई? आई, तू हायेस का?" हरीओम.

मी फोनाजवळ बांगड्या वाजवल्या. एकदा.

"बांगड्या कोनीबी वाजवते," मागून राखीचा आवाज आला. "फोन चोरनाऱ्याच्या घरीबी बाया राह्यतात. ओळख पटली पाह्यजे."

"आन इकडं," यांचा आवाज. "मी विचारतो. हरीओमची माय, माह्या मायसंग तुहं कधी पटलं का?"

मौनाचा दिवस, महाराजांकडे निघालेली मी, आणि सासूबाई देवाघरी. पण व्रतात खोटं चालत नाही. दोनदा वाजवल्या.

"तीच होय," हे म्हणाले, आणि कोणीतरी मोठा श्वास सोडला. "तू टपरीवरच हायेस?"

दोनदा.

"पायी निघाली?"

दोनदा.

"कोनाच्या गाडीत हायेस?"

एकदा.

"चालत्या गाडीत हायेत त्या," राखी म्हणाली. "बाबा, विचारा, आपल्या मनानं हायेत का कोनी बसवलं."

"तू राजीखुशीनं बसली का वो?"

मी हात उचलला आणि तेवढ्यात टेम्पो खड्ड्यात गेला. मी गादीवरून उडाले, पुन्हा आपटले, आणि माझ्या दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या वाजत सुटल्या. पुढे आणखी खड्डे होते. त्यातून हो काढायचं की नाही, ते तिकडे चौघांनाही समजलं नसणार. मी हात छातीशी आवळून बांगड्या थांबवल्या, तोवर फोनची बॅटरी संपली. पत्रा ठोकून रज्जाकभाईंना थांबवावं म्हटलं तर गाद्यांमधून हात पोचेना. आणि थांबवून तरी काय? नंबर मला एकाचाही पाठ नाही. शेवटी सगळ्यांना यायचं होतं ते कारंज्यालाच.

एवढ्यात समोरून आमची गाडी येताना दिसली.

वेगानं येत होती. हे खिडकीतून अर्धे बाहेर निघाले होते आणि रस्त्याकडेची शेतं, नाल्या, झाडांची बुडं धुंडाळत होते. गाद्यांवर उंच बसलेल्या बाईकडे कोण कशाला बघेल? मी उभी राहिले, दोन्ही हात हलवले. नाही पाहिलं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. माझ्या ओठांवर यांचं नाव आलं, जे मी जन्मात घेतलं नाही ते, अगदी दातांपर्यंत.

गाडी बाजूनं गेली तेव्हा मला यांचा चेहरा दिसला. हे मला हाका मारत होते. पूर्ण जोर लावून मारत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि तोंड तेवढंच उघडत होतं. दोन बोटं.

मी खाली बसले आणि पदर तोंडात कोंबला. आरतीला तास-दीड तासाचा तर उशीर. इथं मी बोलले तर चार महिने कशाला गिळले?

जमीलाबींनी मला मंदिराच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं, पाणी दिलं. गाईनं घास खाल्लेला होता, म्हणून मी ते घेतलं. रज्जाकभाई म्हणाले, "बाई, व्रत सुटलं की दुकानात या. शेवट सांगतो." मी पायऱ्यांवर बसून राहिले. नैवेद्य गाडीत, माणसं गाडीत, माझ्याजवळ रिकामं फडकं.

आरतीची तयारी चालू झाली आणि ते आले. टपरीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, "मुकी बाई गादीवाल्यासंग कारंज्याले गेली." राखीनं मला गच्च धरलं. हरीओमनं टोपली खाली ठेवली आणि उगाच माझी शाल झटकत राहिला. हे मागून आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"बोल," हे म्हणाले. "आता बोल. मी सोडला. तू बोलली तरी सोडला."

माझ्या मनात काय आलं असेल? म्हशीनंतरचा, मिठानंतरचा, हा यांचा शेवटचा डाव. आरतीची घंटाही अजून झाली नव्हती. मी बांगड्या दोनदा वाजवल्या.

"अवो खरंच."

दोनदा.

"आई, खरंच सोडला त्याहीनं," हरीओम म्हणाला. म्हणजे पोरगाही फितला. दोनदा.

"आई, तुमची शप्पथ," राखी म्हणाली. तिच्यावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास होता, म्हणून तिला जरा जोरात वाजवल्या.

मग हे खाली वाकले आणि जेवढं उघडतं तेवढं तोंड माझ्यासमोर उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. ना गालात, ना जिभेखाली. कित्येक वर्षांनी मला यांचे दात नुसते दात म्हणून दिसले. मी बघत राहिले. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सगळे आत गेलो.

आरती झाली. यांनी हात जोडले, ओठ हलले. काय बोलले ते महाराजांना ठाऊक. आता माझं मौन सुटलं होतं. चार महिन्यांच्या व्रतानंतर पहिला शब्द देवाच्या नावाचा असावा असं मी कधीचं ठरवलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझा तो बारीक आवाज मला स्वतःलाच ऐकू आला.

"त्या बाईले कोनं नेलं वो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आई, आमी कुठं शेवट पाह्यला," राखी म्हणाली. "आमाले आमचीच सापडेना."

हे हसले. तोंड उघडतं तेवढं हसले, आणि मग जबडा दुखला म्हणून गाल धरून बसले.

परतीला हे पुढे बसले खरे, पण लखननं गाडी चालू करताच मागे वळून म्हणाले, "हायेस ना?"

"हाये."

"बोलत राह्य. काहीबी बोल. मले कळलं पाह्यजे."

मी बोलू लागले, पण मागून माझा आवाज पुढे पोचेना. दर थोड्या वेळानं हे विचारत, "हायेस ना?" शेवटी लखननं गाडी थांबवली. हे माझ्याजवळ मागे येऊन बसले आणि पुढच्या सीटवर नैवेद्याची टोपली ठेवली. लखननं तिला पट्टाही लावला. "आता हिचा भरोसा नाही," म्हणाला.

राखी सिनेमा लावायला तयार नव्हती. मीच लावायला लावला. नवरा नव्हता, दीर नव्हता. ड्रायव्हर निघाला.

"पिक्चरवाल्याइले ड्रायव्हरच सापडते," लखन बराच वेळ धुसफुसत होता. त्याच्या इंजिनाला पुन्हा पाणी लागलं, आणि ते लागलं नेमकं त्याच टपरीपाशी.

लखन उतरताना सीटखालून ती सकाळची पन्नी काढून गुपचूप टपरीच्या फळीवर ठेवून आला. हे आणि मी पाय मोकळे करायला खाली उतरलो. ती पांढरी गाय तिथंच होती. टोपलीत उरलेली पोळी यांनी तिला दिली. ती यांच्यापासून पळाली नाही, घास हातातूनच घेतला.

"काका, घोटू का?" टपरीवाल्यानं यांना विचारलं.

यांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं तर कोणता शब्द बाहेर पडला असता याची यांना खात्री नसावी. नुसती मान हलवली, दोनदा.

"हेबी मुके होय का?" टपरीवाल्यानं लखनला विचारलं.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "आज यांचा गुरुवार हाये."

टपरीवाल्याच्या हातातला चुन्याचा डबा तसाच राहिला. सकाळची मुकी बाई कारंज्याहून बोलत परत आली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, मग डबा खाली ठेवून कारंज्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. त्याला समजावून सांगावं म्हणून मी पुढे झाले, तर लखननं मला गाडीत बसवलं. "राहू द्या काकू. पुढच्या गुरुवारी इथं नारळाचं दुकान लागते, पाहा तुमी."

गाडी निघाली. यांनी माझ्या शालीचं टोक आपल्या हाताभोवती गुंडाळून घेतलं होतं.

"बोल," हे म्हणाले. तोंड जेमतेम उघडून.

"काय बोलू?"

"राह्यलेलं सगळं."

मग मी सासूबाईंपासून सुरुवात केली.